येस, की!

एप्रिलमध्ये सोलापुरात आपण होऊन कोणी येत नाही. पण थायलंडच्या शाळांना मोठी सुट्टी मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत असते, म्हणून माझं माहेरपण दरवर्षी बेचाळीस अंशांत पार पडतं.

रिक्षातून बॅग उतरवतोय तोवर शेजारचे अण्णा कट्ट्यावरून म्हणाले, "काय बे, तिकडं काय करतोस म्हणं?"

"इंग्रजी शिकवतो, अण्णा."

"कुणाला?"

"थाई पोरांना."

अण्णांनी मला खालून वर न्याहाळलं. दहावीला इंग्रजीत मला ४१ पडले तेव्हा आईनं पेढे वाटले होते. त्यातला एक अण्णांच्या पोटात गेलेला आहे आणि तो ते विसरलेले नाहीत.

"तुला येतंय?"

आता अण्णांना कसं सांगू, की हाच प्रश्न मला तिकडंही विचारतात. फक्त अर्जावर, शिक्का मारून. नोकरीच्या जाहिरातीतच 'नेटिव्ह स्पीकर' लिहिलेलं असतं. नेटिव्ह म्हणजे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण कोरियाचा मास्तरांचा व्हिसा तर या सात देशांसाठी राखून ठेवल्यासारखाच आहे. आमच्या सोलापुरातही सात रस्ता नावाचा चौक आहे, पण त्यातला एकही रस्ता तिकडं जात नाही. घरात मराठी, गल्लीत कन्नड, पूर्व भागात गेलं की तेलुगू, आणि भांडण लागलं की दखनी, एवढ्या भाषांतून मी पोरगा वाढलो. त्यातली एकही अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

थायलंडनं मला घेतलं, पण आधी इंग्रजीची परीक्षा द्यायला लावली. टोइक तिचं नाव. माझ्यासारख्याला किमान ६०० हवेत.

"मला साडेआठशेच्या वर पडले, अण्णा."

"कितीपैकी?"

"नऊशे नव्वद."

"मग वरचे दहा मार्क कुणी खाल्ले?"

याचं उत्तर टोइकवाल्यांकडंही नसेल.

तेवढ्यात आईनं चहा आणला आणि कौतुकानं माझी फाईल अण्णांच्या हातात दिली. एका कागदावर साल होतं २५६८. तिकडं बुद्ध संवत चालतो, आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढं. अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणजे अजून पाचशे वर्षं तिकडंच?" मी समजावायला गेलो, की नाही हो, व्हिसा वर्षावर्षाचा असतो, आणि शिवाय दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला कळवावं लागतं, मी अजून त्याच पत्त्यावर आहे म्हणून. हे मी बोलायला नको होतं. अण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"हजेरी लावतोस? केस कसली हाय बे?"

संध्याकाळपर्यंत गल्लीत मी निम्मा तडीपार झालो होतो. उरलेलं काम आईनं केलं. थाई माणसाला लांबलचक खऱ्या नावाबरोबर एक छोटं टोपणनाव असतं, आणि शाळेत हाक त्याच नावानं मारतात. माझ्या सहावीच्या वर्गात एक बँक आहे, एक बेंझ आहे, एक गोल्फ आहे. आणि एक बिअर आहे. अतिशय गुणी मुलगी. हे मी आईला फोनवर रोज सांगायचो आणि तिनं ते जसंच्या तसं मावशीला सांगितलं होतं: "परवा म्हणं बँक झोपलेली होती आणि बिअर न सांगताच घरी गेली." मावशी तेव्हापासून माझ्यासाठी सिद्धेश्वराच्या देवळात जाते.

तिकडं मी काय भोगतो ते मात्र कुणी विचारत नाही. थाई जिभेवर शब्दाच्या शेवटचा 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. सुरुवातीला 'स'चं जोडाक्षर आलं तर मध्ये एक 'अ' घुसतो. पहिल्या दिवशी मी फळ्यावर 'स्कूल' लिहिलं. वर्ग ओरडला, "सकून!" मी म्हटलं, "स्कूल." वर्ग म्हणाला, "सकून!" तिसऱ्या वेळी घाम पुसत मी जोर लावला, आणि माझ्याच तोंडातून खणखणीत "इस्कूल" बाहेर पडलं. दारात उभ्या फिलिपिनो बाईंनी सभ्यपणे छताकडं पाहिलं.

थाई मुली वाक्याच्या शेवटी आदरानं 'खा' लावतात आणि मुलगे 'ख्रप'. इंग्रजी बोलतानाही सुटत नाही, "येस खा", "नो ख्रप". मी ते काढायला दोन महिने घालवले. मग लक्षात आलं की मी स्वतः काय बोलतोय. "सिट डाउन, की." "ओपन द बुक, की." सोलापूरची 'की' जिभेला चिकटलेली, ती टोइकलाही सापडली नव्हती.

आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले. ते काही इंग्रजी शिकवायला गेले नव्हते, उलट त्यांनी स्वतःच चिनी शिकून घेतलं. शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नातवाला आणून समोर बसवलं. इंग्रजी मीडियम, चौथी. "आलाच आहेस तर घे जरा पोराचं." समोर शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि आंब्याची फोड. मी सवयीनं सुरू झालो. फोडीकडं बोट केलं, मग तोंडाकडं, आणि शब्दाशब्दाला थांबत म्हणालो, "यू... लाइक... मँगो? येस? नो?"

पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. मग आजोबांकडं वळून हळूच म्हणालं, "आजोबा, ह्यांना नीट बोलता येत नाही का?"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त भाकरी मोडली. कट्कन आवाज आला.

एवढ्यात माझा फोन वाजला. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी आवाज पाठवला होता, मी घाईत बटण दाबलं आणि तो सगळ्या ओसरीला ऐकू गेला. "टीचा! सोलापून व्हेरी हॉट? कम बॅक, की!"

अण्णांचा घास थांबला.

"कोण बे ही पोरगी?"

"बिअर," मी म्हणालो.

"नाव काय का असंना," अण्णा म्हणाले, "बोलती तर आपल्याकडचीच. अक्कलकोट रोडची हाय काय?"