घर बेकायदाच होतं ना, मग नोटीस कशाला?

एखादा गुन्हा गाजला किंवा कुठे दंगल झाली की दोन दिवसांत जेसीबीचा व्हिडिओ येतो. त्याखाली साधारण हाच मजकूर फिरतो: ‘गुन्हेगाराच्या घरावर बुलडोझर, हाच खरा न्याय. घर बेकायदाच असतं, मग नोटीस कशाला? सुप्रीम कोर्टाने पंधरा-पंधरा दिवस देऊन गुंडांना वाचवलं. कोर्टं बेकायदा बांधकामांनाच पाठीशी घालतात.’ यात चार वेगवेगळे दावे एकमेकांत गुंतले आहेत.

‘बुलडोझर हीच शिक्षा.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम 4 मध्ये शिक्षांची यादी आहे: फाशी, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, दंड आणि समाजसेवा. घर पाडणं त्यात नाही. गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता काढून घ्यायची असेल तर फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 107 आहे. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मंजुरीने तपास अधिकारी कोर्टात अर्ज करतो, कोर्ट 14 दिवसांची नोटीस काढतं, आदेशही कोर्टच देतं. गुन्हा कोणी केला हे ठरवणं महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचं काम नाही. आणि घर आरोपीच्या आईच्या नावावर असेल, किंवा तो भाड्याने राहत असेल, तर शिक्षा नक्की कोणाला झाली?

‘घर बेकायदाच होतं.’ असेल. पण मग विषय गुन्ह्याचा उरत नाही, नगररचनेचा होतो. महाराष्ट्रात त्यासाठी 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. कलम 53 खाली नोटीस निघते आणि नोटीस मिळालेल्याला कलम 44 खाली बांधकाम राखण्यासाठी परवानगी मागता येते. कारण ‘बेकायदा’ हा सगळ्याला सरसकट लावायचा शिक्का नव्हे. सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, पुढे आलेली बाल्कनी आणि रस्त्यावर उभी केलेली खोली यांत फरक आहे. जे नियमात बसवता येतं ते प्रशमन शुल्क (उल्लंघन मिटवण्यासाठीची रक्कम) भरून नियमित होतं, बाकीचं जातं. हे मोजमाप पाडण्याआधी करायचं असतं. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजमध्ये 2019 साली रस्ता रुंदीकरणात एक घर पाडलं. अतिक्रमण 3.70 मीटर असल्याचा सरकारचा दावा होता. पाडकाम त्याच्या कितीतरी पुढे गेलं. नोटीस नव्हतीच, दवंडी पिटली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला 25 लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला लावली.

आणि वर्षानुवर्षं उभं असलेलं घर नेमकं एफआयआरच्या दुसऱ्या दिवशीच बेकायदा कसं ठरतं? शेजारची तशीच बांधकामं सोडून एकच निवडलं, तर खटल्याविना शिक्षा देणं हाच हेतू होता असं गृहीत धरता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या पंधरा दिवसांच्या निकालातच म्हटलं आहे.

‘पंधरा दिवस म्हणजे गुंडांना संरक्षण.’ हे पंधरा दिवस आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालातून. तो निकाल न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांचा. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तो वाचलेला दिसत नाही. नोटीस रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवायची, शिवाय बांधकामावर बाहेरून दिसेल अशी डकवायची. पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस हातात पडल्यापासून. नेमकं उल्लंघन कोणतं, कोणती कागदपत्रं आणायची, सुनावणी कधी आणि कोणापुढे, हे तिच्यात हवं. सुनावणीची नोंद ठेवायची. अंतिम आदेशात, पाडण्यावाचून दुसरा मार्ग का नाही, याची कारणं द्यायची. त्यानंतर आणखी पंधरा दिवस: अपिलासाठी, किंवा मालकाने स्वतःच काढून घेण्यासाठी. पाडण्याआधी दोन पंचांच्या सह्यांचा तपासणी अहवाल, पाडताना चित्रीकरण. हे डावललं तर अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायची.

यातलं सगळ्यात कामाचं कलम मात्र फारसं कोणी सांगत नाही. नोटीस बजावल्याबरोबर तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायची आणि तिथून आपोआप पोच यायला हवी. कारण आधी पाडायचं आणि मग मागच्या तारखेची नोटीस फायलीत लावायची, ही जुनी तक्रार. कागदावरची तारीख बदलता येते, ईमेलच्या पोचेची नाही. प्रयागराजचं प्रकरण पाहा. आधीच्या नोटिसा आणि आदेश नुसते डकवले होते. रजिस्टर पोस्टाने पहिला कागद पोचला 6 मार्च 2021 ला, घरं पाडली 7 मार्चला. अपील करायला मधे होता एक दिवस. 1 एप्रिल 2025 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी प्रत्येक घरमालकाला दहा लाख द्यायला सांगितलं. तेव्हा नोटीस आली तर लिफाफा फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच पुरावा.

उरला ‘पाठीशी घालतात’ हा दावा. 13 नोव्हेंबर 2024 च्या त्या निकालातच रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-जलाशय यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही असं लिहिलं आहे. नोएडाचे दोन उंच टॉवर ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बेकायदा ठरवले आणि 28 ऑगस्ट 2022 ला ते स्फोटकांनी पाडले. डिसेंबर 2024 मध्ये मेरठमधलं बेकायदा व्यापारी बांधकाम पाडण्याचा आदेशही कायम ठेवला. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या 1985 च्या निकालातही फुटपाथवर राहण्याचा हक्क कोणाला मिळाला नव्हता. महापालिकेला विनानोटीस हटवण्याचा अधिकार देणारं मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314 घटनाबाह्य ठरलं नाही. पण नोटीस हा नियम, विनानोटीस हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला गेला. आणि पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, कोणाला हटवायचं नाही असं सांगितलं गेलं.

बुलडोझरची प्रकरणं तिकडची, उत्तर प्रदेशातली, आपल्याकडे काय, असंही कोणी म्हणेल. 24 मार्च 2025 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नागपूरच्या दंगलीतल्या आरोपींच्या घरांवरच्या कारवाईला स्थगिती दिली. तोवर एक घर पडलं होतं. नंतर महापालिकेने माफी मागितली; सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश अधिकाऱ्यांना माहीत नव्हते, असं कारण दिलं. घर पडलं तेव्हा निकाल लागून चार महिने उलटले होते.