डिझेल वाढवलं म्हणून गिअर सुधारले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "पंपाला (म्हणजे इंजिनाला डिझेल मोजून देणाऱ्या पंपाला) हात लावण्याआधी गिअरबॉक्स तपासा" हा माझा सल्ला लोकांना उगाच घाबरवतो. तुमच्या रोटरी पंपाच्या, ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या ट्रकला गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडायचे. मिस्त्रींनी पंपावरचा फुल लोडचा स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा) आत घेऊन डिझेल वाढवलं, त्यामुळे वाढलेलं आयडलिंग (पाय सोडल्यावरची रेस) खाली आणलं, आणि तेव्हापासून पिकअपही आला नि गिअरही अलगद पडू लागले. म्हणजे दोष पंपातच होता.

तुमच्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही. ट्रक आज आहे तसाच लोडवर चालत राहिला तर गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटा जळतील अशी मला काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते, ताकद फक्त डिझेलच्या मात्रेवर ठरते. त्यामुळे पेट्रोल गाडीसारखं मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवरून लोड ओळखायची सोय गिअरबॉक्सला नसते. तुमच्या पद्धतीच्या ट्रकमध्ये हा निरोप एक केबल किंवा रॉड पोचवते: एक टोक पंपाच्या एक्सिलेटर लिव्हरकडे, दुसरं गिअरबॉक्सच्या थ्रॉटल व्हॉल्व्हकडे (गिअरबॉक्समधल्या ऑइलचं प्रेशर कमीजास्त करणारी झडप). लिव्हर जितका पुढे, तितकं थ्रॉटल प्रेशर जास्त. हे प्रेशर दोन कामं करतं. गिअर कधी बदलायचा हे त्यावर ठरतं, आणि आतले क्लच व बँड (पट्टे) आवळून धरणारं लाइन प्रेशरही त्याच्यामुळेच वाढतं. पंप किती डिझेल देतोय हे गिअरबॉक्सला कळतच नाही, त्याला फक्त लिव्हर कळतो.

आता मिस्त्रींनी काय केलं ते पाहा. बॉशच्या व्हीई रोटरी पंपात फुल लोडचा स्क्रू फक्त वरची मर्यादा वाढवत नाही. तो पंपातल्या गव्हर्नरच्या (रेस ताब्यात ठेवणाऱ्या भागाच्या) लिव्हरचा टेकूच सरकवतो, म्हणून आयडलिंगही चढतं. ते खाली आणायला आयडलचा स्क्रू मागे घेतला की एक्सिलेटर लिव्हर पूर्वीपेक्षा मागे विसावतो. केबल पुन्हा बसवली नाही तर ती तेवढी ढिली पडते. शिवाय डिझेल वाढल्यामुळे त्याच चढावर आता पाय कमी दाबावा लागतो. दोन्ही कारणांनी थ्रॉटल प्रेशर घटतं, गिअर लवकर आणि मऊ पडतात. तुम्हाला जाणवलेली सुधारणा ती हीच. पण इंजिनाचा टॉर्क वाढलाय आणि क्लचची पकड कमी झालीय! गिअर बदलताना प्लेटा किंचित घसरतात, तापतात, आणि ड्रायव्हरला ते सुखद वाटतं.

उशिरा आणि धक्का देऊन पडणारा गिअर हे केबल जास्त ताणलेली असल्याचं नेहमीचं लक्षण आहे. तुमच्या ट्रकमध्ये बहुधा तेच होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं.

खात्री करून घ्या. इंजिन बंद ठेवून एकाला एक्सिलेटर दाबायला सांगा आणि स्वतः खाली जाऊन गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हर पाहा. पाय सोडलेला असताना केबलला ताणही नको आणि ढिलाईही नको. पंपाचा लिव्हर हलला की त्याच क्षणी खालचा लिव्हर हलला पाहिजे. थोडा वेळ नुसतीच केबल सरकत असेल तर दोष तिथेच आहे. गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी ओढून वास घ्या. काळपट रंग आणि जळका वास असेल तर प्लेटा झिजायला लागल्यात. गेज असेल तर लाइन प्रेशर मोजा, त्याइतका चोख पुरावा दुसरा नाही. आणि भरल्या गाडीने टॉप गिअरमध्ये चढ चढताना आरपीएम वाढतंय पण वेग वाढत नाही असं दिसलं, तर लगेच पाय काढा.

पंपाला हातच लावू नये असं नाही. डिझेल खरोखर कमी पडत असेल तर ट्रक ओढत नाही, गिअर पडला की इंजिन दबतं, आणि माणसाला वाटतं गिअरच चुकीचा पडतोय. पण तेव्हाही आधी डिझेल फिल्टर, लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) आणि पाइपातली हवा तपासा. स्क्रू फिरवायचाच असेल तर मूळ जागी रंगाची खूण करा, पावफेऱ्याच्या आतच फिरवा, आणि टर्बोच्या आधी पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर) बसवा. एक्झॉस्टचं तापमान 700 अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागलं तर डिझेल जास्त झालंय. बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) चढल्यावरही काळा धूर थांबत नसेल तर ते डिझेल ताकद देत नाही, नुसतं तापवतं. आणि पाय सोडल्यावर रेस पटकन उतरत नसेल तर स्क्रू तत्काळ मागे घ्या, व्हीई पंपात ही धोक्याची खूण आहे.

इनलाइन पंपात (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर एका ओळीत असलेल्या पंपात) गोष्ट वेगळी. 1994 ते 1998 च्या डॉज रॅममधल्या कमिन्स 5.9 लिटर इंजिनावर बॉशचा पी7100 हा असा पंप असतो, त्याची फ्युएल प्लेट (जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारी पट्टी) सरकवली तरी आयडलिंग हलत नाही. केबलची बैठक शाबूत राहते, पण वाढलेल्या टॉर्कचा प्रश्न तिथेही उरतोच.

मॅन्युअल गिअरवाल्यांनी एवढंच पाहावं: इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना खरखरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. तिथे पंपाचा काही संबंध नाही.

तुमच्या मिस्त्रींना दोष देऊ नका, त्यांनी पिकअपची तक्रार दूर केली आहे. त्यांच्याकडूनच आता केबल बसवून घ्या, डिझेल आहे तेवढंच ठेवा. केबल नीट बसल्यावर गिअर पुन्हा उशिरा पडू लागले, तर मात्र गिअरबॉक्सचा स्वतःचा गव्हर्नर आणि व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलणाऱ्या झडपांचा ठोकळा) तपासावी लागेल. गिअरबॉक्सच्या ऑइलचा रंग आणि लाइन प्रेशरचा आकडा इथे लिहा, पुढचं त्यावरून ठरवू.