मोटर वाइंडिंगवाल्या भाऊंच्या दोन स्टारला आमचं उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमच्या रिव्ह्यूत चार तक्रारी आहेत. आम्ही करून दिलेली दुकानाची वेबसाईट मोबाईलवर उघडतच नाही, गूगलवर दुकानाचं नाव टाकलं तरी दिसत नाही, तीन महिन्यांत तिच्यावरून एकही फोन नाही, आणि पन्नास गावांची पन्नास पानं मागितली ती करून दिली नाहीत. पहिल्या दोन खऱ्या आहेत, चूक आमची. तिसरी त्यातूनच निघाली. चौथीला मात्र आमचा नकार कायम आहे.

गूगलवर न दिसण्याचं कारण एक टिचकी. काम चालू असताना अर्धवट पानं शोधात येऊ नयेत म्हणून वर्डप्रेसच्या, म्हणजे ज्यावर वेबसाईट बनवली त्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये गूगलला मनाई करता येते. काम झाल्यावर ती काढायची राहून गेली. पत्ता टाकला की वेबसाईट उघडायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. आता मनाई काढली आणि सर्च कन्सोल या गूगलच्या वेबसाईटवाल्यांसाठीच्या साधनातून पान पुन्हा तपासायला पाठवलं. काही दिवस लागतील, कधीकधी दोन-तीन आठवडेही जातात.

उघडायला वेळ लागण्याचं कारण वरची फिरती चित्रपट्टी. तिच्यात तुमच्या मोबाईलमधले नऊ फोटो जसेच्या तसे चढवले होते, एकेक साडेतीन एमबीचा. म्हणजे एकतीस एमबीच्या वर. दुकानातल्या वायफायवर ते निभतं. नंदोरी-गिरडकडे धुऱ्यावर उभ्या शेतकऱ्याला एका एमबीपीएसची रेंज मिळाली, तर तेवढ्याला चार मिनिटांच्या वर लागतात. हरभऱ्याला पाणी चालू असताना मोटर जळालेला माणूस चार मिनिटं थांबत नाही. पट्टी काढून टाकली. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवले, आता एकेक सव्वाशे केबीच्या आसपास आहे. वर एकच फोटो, बाकीचे खाली सरकवल्यावर उतरतात.

फोनचं दुखणं आणखी बारीक होतं. तुमचा नंबर बॅनरच्या चित्रात होता, त्यामुळे बोट ठेवून काही होत नव्हतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबराआधी शून्य राहिलं होतं. तिथे ९१ आणि पुढे दहा आकडे एवढंच चालतं, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मध्ये जागाही नाही. आता फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपची बटणं पडद्याच्या तळाशी कायम दिसतात. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की 'वेबसाईटवरून: गाव, मोटर किती एचपी' हा मजकूर आधीच लिहिलेला येतो. बोर्डावर आणि वेबसाईटवर नंबर एकच असल्याने कोणता गिऱ्हाईक कुठून आला ते आजवर सांगता येत नव्हतं. आता निदान मेसेजचं तरी कळेल.

पत्रकावरून घेतलेला मजकूरही बदलतो आहोत. तो प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये होता, वेबसाईटवर टाकला की अक्षरांचा भुसा व्हायचा, म्हणून आम्ही त्याचं चित्र करून लावलं. तो आळस होता. आता सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप होतंय, आणि 'सबमर्सिबल वाइंडिंग'च्या जोडीला 'मोटर भरून देणे' हेही लिहितोय, कारण लोक शोधताना तसंच बोलतात.

आता पन्नास पानं. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं, अशी पानं गूगल फसवणुकीत धरतं आणि सगळी वेबसाईट मागे जाऊ शकते. पैसे घेऊन हे करून देणारे भेटतील, आम्ही करणार नाही. त्याऐवजी कामाप्रमाणे चार पानं करू: सबमर्सिबल, मोनोब्लॉक, स्टार्टर-पॅनल, आणि बोअरमधून मोटर काढणे-सोडणे. समुद्रपूर, मांडगाव वगैरे गावांची यादी एकाच पानावर, कुठे जाता आणि जाण्याचे किती घेता यासकट.

गावातल्या शोधाला वेबसाईटपेक्षा गूगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, जास्त कामी येतं. ते फुकट असतं आणि तुमच्याच जीमेलवर काढायचं, आमच्या नाही. नाव बोर्डावर आहे तेवढंच टाका. पुढे 'बेस्ट मोटर रिपेअर' जोडलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. पडताळणीला बहुतेक व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, बोर्ड, आणि कुलूप उघडून आतलं वाइंडिंग मशीन एका दमात दाखवायचं.

'फोटोच मागून राहिले' असं तुम्ही लिहिलं, ते खरंच मागतो आहोत. इंटरनेटवरचा हेल्मेटवाला गोरा मिस्त्री लावला तर हिंगणघाटच्या बाजारातही कोणी ओळखणार नाही. चार हवेत: जळालेला स्टेटर (मोटरचा तारांच्या गुंडाळ्यांचा भाग), तोच भरून झाल्यावर, चेनपुलीने पाइप वर येताना, आणि बोर्डासकट दुकान. मोबाईल आडवा धरा, ऊन पाठीमागे ठेवा. ३, ५ आणि ७.५ एचपीचे भरणावळीचे दर व्हॉइस मेसेजवर सांगितले तरी चालतील, लिहून आम्ही घेऊ. या दुरुस्तीचं बिल नाही.