आबांचं नाव घेऊ नका

काल सकाळी सव्वानऊला आईला घेऊन निघालो. मिरजेला, डोळ्याच्या दवाखान्यात. साडेदहाचा नंबर होता, तोही दीड महिना थांबून मिळालेला. नाक्यावर आलो तर रस्ता बंद. मंत्र्यांचा सत्कार!

रस्त्यात आडवे दोन जेसीबी, बकेटात पोती ओतून झेंडूच्या पाकळ्या भरलेल्या. क्रेनला हार टांगलेला, चार माणसं आत मावतील एवढा. डीजे तर असा की गाडीच्या काचा थरथरत होत्या. मागं एसटी, त्याच्या मागं दुधाचा टेम्पो, मग द्राक्षांची पिकअप. हवालदारापुढं हात जोडले, आईची फाईल दाखवली. "पाच मिनिटांत साहेब येतायत." दहा वाजले, पाच मिनिटं. अकरा वाजले, तरी पाचच मिनिटं. आई पदरानं डोळा टिपत गप्प बसलेली. शाळेतली पोरं लेझीम घेऊन उन्हात उभी केलेली. कुणाच्या बापाची आहेत ती पोरं? त्यांचा अभ्यास बुडतो त्याचं काय?

साडेअकराला साहेब आले. पाकळ्या पडल्या, फटाक्यांची माळ पेटली आणि माइकवरचा माणूस ओरडला, "आबांचा वारसा चालवणारं नेतृत्व!"

तिथं माझं डोकं फिरलं.

अरे, कुठल्या तोंडानं आबांचं नाव घेता? आबा म्हणजे आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा माणूस. सांगलीत शांतिनिकेतनला कमवा आणि शिका करून शिकलेला. 1979 ला सावळजमधून जिल्हा परिषदेवर गेला, 1990 ला तासगावातून आमदार झाला आणि नंतर एकही विधानसभा हरला नाही. सलग सहा वेळा! ग्रामविकास खातं मिळालं तेव्हा त्या खात्याकडं कोण ढुंकूनही बघत नव्हतं. त्याच खात्यातून 2000 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं. आधी पैसा नाही, कंत्राट नाही, फक्त बक्षीस. तरी गावंच्या गावं खराटा घेऊन बाहेर पडली. आमच्या आळीतल्या बायकांनी गटारं उपसली, मी स्वतः पाट्या उचलल्यात. आज त्याच गावाच्या वेशीवर फ्लेक्सच्या चिंध्या लोंबतायत आणि तेव्हाच्या संडासात कडब्याच्या पेंढ्या भरल्यात.

2007 ला तंटामुक्तीची मोहीम आली. गावातली भांडणं गावात मिटावीत, एवढं साधं. आता तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरून डोकी फुटतात. ह्याला वारसा म्हणायचं?

आबांच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. 2005 ला डान्सबार बंद केले, पण त्यात काम करणाऱ्या बायकांच्या पोटाचा विचार पुरेसा झाला नाही, आणि ती बंदी कोर्टात टिकलीही नाही. 26/11 च्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरात असं छोटं-मोठं होतच असतं, अशा अर्थाचं एक वाक्य ते हिंदीत बोलून गेले, ते चुकलंच. पण खुर्ची सोडली ना! 2008 च्या डिसेंबरात गृहमंत्रिपदाचा आणि उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आज पूल पडो, दवाखान्यात बाळं जळून मरोत, राजीनामा शब्द तरी कुणाच्या तोंडी येतो का? पुन्हा गृहमंत्री झाल्यावर गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मागून घेतलं. आताचे मंत्री हव्या त्याच जिल्ह्याचं पालकमंत्रिपद मिळावं म्हणून आठवडे आठवडे रुसून बसतात, हे सगळा महाराष्ट्र बघतोय.

आणि तो "भावी" शब्द! भावी आमदार, भावी मंत्री, भावी पालकमंत्री. आमच्या स्टँडवर एसटीचं वेळापत्रक गेली दोन वर्षं असल्याच एका फ्लेक्सखाली आहे. म्हातारी माणसं कंडक्टरला विचारत फिरतात. वाढदिवस एका दिवसाचा असतो, फ्लेक्स पावसाळाभर. मयताच्या वाटेवरसुद्धा ह्यांचे हात जोडलेले फोटो.

16 फेब्रुवारी 2015 ला आबा कॅन्सरनं गेले. वय 57. आमच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. आईनं तेव्हा एकच म्हटलं होतं, "आपल्यातला होता रं." काल त्याच आईला माइकवरून आबांचं नाव ऐकत दोन तास रस्त्यात बसावं लागलं, ह्याचा मला राग आहे. अजून हात थरथरतोय लिहिताना.

मिरजेला पोचलो तेव्हा पावणेएक वाजले होते. डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. काउंटरवरच्या बाईंची काही चूक नव्हती, तरी मी त्यांच्यावर ओरडलो, त्याचं वाईट वाटतंय. पुढचा नंबर 23 दिवसांनी. येताना नाक्यावर अजून पाकळ्यांचा चिखल होता आणि दोन बायका तो फावड्यानं ओढत होत्या. आईनं विचारलं, "आता गेलं का रं ते समदं?" मी म्हटलं, "गेलं." तिला नीट दिसत नव्हतं.