योहान ६ एकमेकांवर फेकण्याआधी

सकाळपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर जे चाललंय ते बघून डोकं सणकलंय, म्हणून इथे लिहितोय. तिथे लिहिलं तर ग्रुपच फुटेल.

निमित्त परवाच्या लग्नाचं. मुलगी कॅथलिक, मुलगा मेथॉडिस्ट म्हणजे प्रोटेस्टंट, दोन्हीकडचे बडोद्याचे मराठी, अर्धं फतेगंज हजर. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, चालू होती. कम्युनियनची, म्हणजे प्रभुभोजनाची, रांग लागली. मुलाकडचे एक काका, सत्तरी ओलांडलेले, सरळ रांगेत जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. फादरांनी हळूच काहीतरी विचारलं, आणि होस्ट, म्हणजे प्रभुभोजनाची भाकरीची पातळ चकती, न देता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. काका लालबुंद होऊन बाकावर परतले.

आणि आज ग्रुपवर मारामारी, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायावरून. एक म्हणतो, "योहान ६:५३ वाचा, देह खाल्ला नाही तर जीवन नाही. तुमचं प्रभुभोजन म्हणजे नुसतं सरबत." दुसरी म्हणते, "आणि ६:६३ कोण वाचणार? देहापासून काही लाभ नाही. तुम्ही देवाला चावून खाता." खाली हात जोडलेले इमोजी. वा रे भक्ती!

अरे, एका अध्यायातली दोन वचनं उचलून दगडासारखी काय फेकता? अख्खा अध्याय वाचायला दहा मिनिटं लागतात. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे, एवढ्यात येशू पाच हजार माणसांना जेवू घालतो. दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा भाकरीच्या आशेने शोधत येतात, आणि कफर्णहूमच्या सभास्थानात येशू त्यांना सांगतो, जीवनाची भाकर मीच. इथवर ठीक. मग तो देह खाण्याची आणि रक्त पिण्याची भाषा करतो. समोर बसलेत यहुदी, ज्यांना त्यांच्या धर्मशास्त्रातल्या लेवीय १७ प्रमाणे जनावराचं रक्तसुद्धा वर्ज्य. ६६व्या वचनात बरेच शिष्य सोडून जातात, त्यात नवल ते काय!

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स इथेच बोट ठेवतात. नुसती उपमा असती तर येशूने जाणाऱ्यांना थांबवलं असतं, तो गप्प का राहिला? मुद्दा वजनदार आहे. प्रोटेस्टंट ४० आणि ५४ ही वचनं शेजारी ठेवतात. दोन्हींत आश्वासन एकच, सार्वकालिक जीवन आणि शेवटल्या दिवशी उठवणं. एकीकडे ते विश्वास ठेवणाऱ्याला, दुसरीकडे खाणाऱ्याला. म्हणजे खाणं हेच विश्वास ठेवणं. हाही मुद्दा वजनदार. ऑगस्टिन या जुन्या चर्चच्या आचार्याने तर सोळाशे वर्षांपूर्वी म्हणून ठेवलंय की दात आणि पोट कशाला तयार करतोस, विश्वास ठेव म्हणजे खाल्लंस. आणि हाच ऑगस्टिन दोन्हीकडचे आपला म्हणून मिरवतात.

आता सरबतवाल्या दादांना विचारतो. ५३व्या वचनात रक्त पिण्याचीही अट आहे ना? मग बहुतेक रविवारी तुम्हाला नुसता होस्ट मिळतो, त्याचं काय? नेमकं हेच वचन धरून बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, हुसपंथीयांनी, यान हुस या सुधारक धर्मगुरूच्या अनुयायांनी, सामान्य लोकांनाही प्याला मागितला. १४१५ मध्ये कॅथलिक चर्चच्या कॉन्स्टन्सच्या परिषदेने नाही म्हटलं, आणि त्याच वर्षी हुसला जाळलं. होस्टमध्येच संपूर्ण ख्रिस्त आहे हे तुमच्या चर्चचं उत्तर मला माहीत आहे, नीट विचार करून दिलेलं आहे. पण ते ५३व्या वचनाच्या अक्षरात नाही. सोळाव्या शतकातला तुमचाच पंडित कार्डिनल कायेतान तर हा अध्याय विधीबद्दल नाहीच म्हणायचा. १५६२ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनेही, आचार्यांनी याचे वेगवेगळे अर्थ लावलेत असं म्हणून ते दार उघडं ठेवलं. होस्ट खरंच ख्रिस्ताचं शरीर होतं हे तिने १५५१ मध्येच ठणकावून सांगितलं होतं. योहान ६ च्या अर्थाचा हट्ट मात्र धरला नाही. ट्रेंटने जे केलं नाही ते तुम्ही व्हॉट्सॲपवर करताय!

आणि चावून खाता म्हणणाऱ्या ताई, तुम्ही तर हद्द केलीत. ६:६३ चा असा वापर स्विस सुधारक झ्विंग्लीने केला होता, १५२९ मध्ये मारबुर्गला. समोर जर्मन सुधारक लूथर बसला होता. त्याने टेबलावर खडूने 'हे माझे शरीर आहे' असं लिहिलं आणि तिथून हलला नाही. त्याचं म्हणणं, ६:६३ हे वचन ख्रिस्ताच्या स्वतःच्या देहाबद्दल नाहीच, नाहीतर क्रुसावर दिलेल्या देहाचाही लाभ नाही म्हणावं लागेल. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं आणि पंधराव्यावर, याच मुद्द्यावर, फाटलं. दोघेही प्रोटेस्टंट बरं का! आणि तुमच्या मेथॉडिस्ट चर्चच्या पंचवीस कलमांतलं अठरावं कलम काढून बघा. प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर दिलं जातं, घेतलं जातं आणि खाल्लं जातं, मात्र स्वर्गीय आणि आत्मिक रीतीने. 'खाल्लं जातं', असंच लिहिलंय. मग हसताय कुणाला?

प्राचीन रोमन साम्राज्यातले लोक पहिल्या ख्रिस्ती लोकांना माणसं खाणारे म्हणायचे. तोच टोमणा आता आपणच आपल्या व्याह्यांना मारायचा?

असो. राग जरा उतरला.

खरं सांगू, कोण काय मानतो ते वाद घालताना कळत नाही. उरलेल्या तुकड्याचं काय करतात ते बघा. कॅथलिक होस्ट म्हणजे फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही, तांदळाचं पीठ चालत नाही, पूर्ण ग्लुटेनमुक्तही चालत नाही. तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये पातळ पापुद्रा भाजतात, मग तो थोडा दमट होऊ देतात आणि साधारण ३ सेंटीमीटरच्या चकत्या कापतात. दमट न करता कापला तर कडा फुटतात, चुरा पडतो. आणि अर्पण झाल्यावर पडलेला चुरा नुसता चुरा नसतो, म्हणून ही काळजी. होस्ट जमिनीवर पडला तर आदराने उचलायचा. द्राक्षारस सांडला तर जागा पाण्याने धुवायची आणि ते पाणी थेट मातीत जाणाऱ्या वेगळ्या मोरीत ओतायचं. उरलेले होस्ट पेटीत, शेजारी दिवा अखंड. आपल्या गुजरातच्या दारूबंदीतही या द्राक्षारसासाठी कायद्यात परवान्याची सोय आहे.

मेथॉडिस्टांकडे दारू नाहीच. १८६९ मध्ये वेल्च नावाच्या अमेरिकन मेथॉडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली, ती याच विधीसाठी. घरी करायचं तर वाटीभर काळ्या मनुका रात्रभर भिजवा, तीन-चार वाट्या पाण्यात उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा. आदल्या दिवशीच करायचं. उकाड्यात बाहेर ठेवलं की फेस येतो, आणि आंबला तर मग कशासाठी उकळला? उरलेला रस बहुतेक ठिकाणी झाडाच्या मुळाशी जातो, पाव वाटून खातात. त्यांचा विश्वास घेण्याच्या क्षणावर आहे, तुकड्यावर नाही. अनादर नव्हे तो.

साल्व्हेशन आर्मी या प्रोटेस्टंट पंथाचे लोक तर हा विधीच करत नाहीत. त्यांना कोण ख्रिस्ती नाही म्हणणार?

आता काकांकडे येतो. त्यांच्या चर्चमध्ये येशूवर प्रीती करणाऱ्या सगळ्यांसाठी मेज खुलं, म्हणून ते सहज उठले. यात त्यांचा काय दोष? फादरांनीही अपमान केला नाही. त्यांच्या लेखी होस्ट घेणं म्हणजे 'मी या चर्चशी एकरूप आहे' असं सगळ्यांसमोर म्हणणं, आणि काका तसं मानत नाहीत. न मानणाऱ्याच्या तोंडून ते वदवून घेणं फादरांना खोटं वाटलं. लागतं माणसाला, हे कबूल. सत्तरीतल्या माणसाला भरल्या चर्चमध्ये तर फारच लागतं.

पण चूक रांगेत झाली नाही, महिनाभर आधी झाली. कॅथलिक आणि बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्या चर्चच्या व्यक्तीचं लग्न मिस्साशिवाय लावायचा विधी त्यांच्याच पुस्तकात आहे, आणि सहसा तोच वापरावा असं आहे, नेमकं हे टाळण्यासाठी. वचनं, शपथा, अंगठ्या, आशीर्वाद, सगळं होतं, फक्त कम्युनियन नसते. फोटो भारी येतील म्हणून पूर्ण मिस्साच हवी हा हट्ट दोन्ही घरांचा होता. बरं, मिस्सा ठरलीच तर फादरांना सांगून सुरुवातीलाच घोषणा करून घ्यायची, की कॅथलिक नसलेल्यांनी रांगेत यायचं तर हात छातीवर आडवे ठेवून यावं, आशीर्वाद मिळेल. हेच पत्रिकेसोबतच्या कागदावर दोन ओळींत छापायचं. डिसेंबरात धाकट्याचं लग्न आहे, मुलगी पुन्हा कॅथलिकच. फादरांची वेळ आत्ताच घ्या, आणि जाताना काकांना सोबत न्या.