मामा, डझन कसा दिलात?

काल रात्री टीव्हीवर 'व्हर्टिकल लिमिट' लागला होता. २००० सालचा सिनेमा. के-टू शिखरावर बर्फाच्या भेगेत तिघं अडकलेत आणि त्यांना सोडवायला सहा जण पाठीवर नायट्रोग्लिसरीन घेऊन निघतात. नायट्रोग्लिसरीन! जे नुसत्या हिसक्याने उडतं! माणसं वाचवायचीत की डोंगर पाडायचाय? वर पुतण्या म्हणतो, "काका, आपल्याकडे असलं काही होतच नाही."

तिथून डोकं फिरलंय ते अजून ताळ्यावर नाही.

दापोलीत बसून बोलतोय हा! आंबेनळी घाट, २८ जुलै २०१८. दरीत कोसळलेल्या बसमध्ये इथल्याच कृषी विद्यापीठाची माणसं होती. त्या दरीत दोर लावून उतरलेली ट्रेकर पोरं कुठल्या सिनेमातली होती? बरं, तू तेव्हा बालवाडीत होतास. पण माझ्या मामाची गोष्ट तर दर मे महिन्यात ऐकतोस ना?

मामाचा आंब्याचा टेम्पो कुंभार्ली घाटात दरीत गेला. मामा खाली झाडाला अडकलेला, पाय मोडलेला, दरीभर हापूसचा वास. ट्रेकर पोरं आली, कुणी दुकान बंद करून, कुणी जेवणावरून उठून. पहिला अर्धा तास नुसत्या गाठी. बांधायच्या, ओढून बघायच्या, दुसऱ्याकडून परत तपासून घ्यायच्या. दोर कड्यावर घासू नये म्हणून मामाचंच गोणपाट खाली सरकवलं. मी एकावर खेकसलो, "अरे उतरा की लवकर!" त्याने मानसुद्धा वर केली नाही.

मान्य, गाठी बघायला तिकीट कोण काढणार. सिनेमात सुरुवातीला तो दोर कापतात तेव्हा मीही उशी आवळून धरली होती.

पण जो पोरगा उतरला ना, तो मामाशेजारी चिकटून बसला आणि विचारतो काय, "मामा, यंदा डझन कसा दिलात?" मला इतका राग आला! मामाची शुद्ध जाऊ नये म्हणून त्याला बोलता ठेवत होता, हे नंतर कळलं. मामा कण्हत म्हणाला, "आधी वर घे, मग सांगतो."

आणि वर रस्त्यावर? निम्मे मोबाईल धरून शूटिंग करतायत, निम्मे पेट्या उचलतायत. आपलीच माणसं. जाऊ दे, परत डोकं तापेल.

पाच तासांनी मामा वर आला. त्या पोराने हातमोजे काढून चहाचा कप धरला तर बोटं मिटेनात. शेवटी मीच कप धरला.

मामा आता काठीने चालतो. हंगामाची पहिली पेटी त्या पोराकडे जाते. तो दरवर्षी पाकीट काढून विचारतो, "मामा, डझन कसा?"

मामाने अजून भाव सांगितलेला नाही.