सिमेंट का नाही? – शिखरावरच्या स्मारकाबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शिखरावरच्या जुन्या दगडी स्मारकाची आम्ही चुन्याने दुरुस्ती केली, त्यावर तुमचे आक्षेप दोन. डोंगरमाथा ही स्मारकं उभारायची जागा नव्हे, त्यामुळे जे ढासळतंय ते ढासळू द्यावं, हा पहिला. दुसरा, दुरुस्ती करायचीच होती तर अर्धं पोतं सिमेंट पुरलं असतं, चुन्याचा खटाटोप ही निव्वळ हौस. जाता जाता परवानगी कुणाची घेतली, हेही विचारलंत.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी तसूभरही मागे हटणार नाही.

ते स्मारक सिमेंटनेच बिघडलं होतं. पूर्वी कुणीतरी सद्हेतूने दगडांच्या दर्जा, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरून टाकल्या होत्या. तिथल्या दगडापेक्षा सिमेंट कडक, शिवाय ओल बाहेर पडू देत नाही. मग आत मुरलेलं पाणी दगडातूनच वाट काढतं. कडाक्याच्या थंडीत ते गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सिमेंटची रेघ जशीच्या तशी, तिच्या दोन्ही बाजूंचे दगड मात्र बोटभर आत गेलेले, असं ते दृश्य होतं. चुना दगडापेक्षा मऊ असतो. झिजायचं तर तो झिजतो आणि तो पुन्हा भरता येतो.

हौस म्हणाल, तर ती फार जड होती! माथ्यावर पाणी नाही. दगड भिजवायला, चुना मळायला, वरून झाकलेली गोणपाटं ओली ठेवायला लागणारं सगळं पाणी पाठीवरून, लिटरमागे एक किलो. कळीचा, म्हणजे भाजलेला पण पाणी न लागलेला चुना मुद्दामच नेला नाही, पावसात भिजला तर तो सॅकमध्येच उकळायला लागतो. पाण्यासोबत घट्ट होणारा, तयार पुडीतला चुना वापरला. पारा ५ अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तर तेही काम करायचं नसतं, म्हणून हवामानासाठी ताटकळलो. जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढलं, ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. स्मारकावरच्या फलकाचे लोखंडी बोल्ट गंजून फुगले होते, त्यांनी एक कोपरा तडकवला होता. आता स्टेनलेस स्टीलचे आहेत.

पहिल्या आक्षेपाशी मी अर्धा सहमत आहे. प्रत्येकाने आपल्या माणसाची पाटी घेऊन वर जावं, हे मलाही नको. पण सगळीच स्मारकं त्या जातीची नसतात. इंग्लंडमधलं स्काफेल पाइक हे शिखर पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेला दान दिलं गेलं. तिथे माथा हेच स्मारक आहे, खाली आणणार काय? शेजारच्या ग्रेट गेबलवर युद्धात गेलेल्या गिर्यारोहकांच्या नावांचा १९२४ चा फलक होता. त्यातली काही नावं चुकीची कोरली गेली होती, म्हणून २०१३ मध्ये तो बदलला. आम्ही तर नवं काहीच ठेवलेलं नाही, आमचं नावसुद्धा नाही. आणि ढासळू दिल्याने डोंगर काही मूळ रूपात येत नाही. वाटेवर गंजके बोल्ट आणि सिमेंटचे तुकडे तेवढे पसरतात. तो सगळा राडारोडा आम्ही खाली आणला.

परवानगी जमिनीच्या मालकाची होती, लेखी. कुठल्या दर्जेत कुठला चुना किती वाळूत भरला, बोल्ट किती खोल गेलेत, याचं टिपण फोटोंसह त्यांच्याकडे दिलंय. पुढच्या दुरुस्तीला जो जाईल, त्याला आत काय आहे हे फोडून बघावं लागणार नाही.